आनंदीबाईचं आडमूळ

धामापूरच्या आनंदीबाई राऊळच्या पडवीत रविवारी जी माणसं यायची, ती आपल्या पायांनी यायची नाहीत. कुणी बैलगाडीत आडवं पडून, कुणी डोलीत, कुणी लेकाच्या पाठुंगळी बसून. आणि तीनचार रविवार उलटले की तीच माणसं तळ्याकाठच्या वाटेने चालत यायची, काखेत नारळ मारून, पावलागणिक स्वतःच्या गुडघ्याकडे बघत, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

मालवणचा बाबली तांडेल पहिल्यांदा आला तेव्हा दोघांनी त्याला उचलून पडवीत ठेवला.

"बाये, ह्यो गुडगो नाय. ह्यां कलिंगड आसा."

"कलिंगडाक सुरी लागता. हाडू?"

"नको गो बाये! तुझां मूळच बरां."

"मगे तोंड मिट आणि पाय सोड. खंयचो?"

"अगो, माका वळखत नाय तू? गेल्या म्हयन्यात तुका बांगडे कोणी दिले?"

"बांगडे खाल्लंय, तेवाच इसारलंय. खंयचो? कोणाचो? दुखता खंय?"

कुठला, कोणाचा, दुखतं कुठे, हे तीन प्रश्न ती प्रत्येकाला विचारायची. शेजारच्या घरातला माणूस असला तरी विचारायची. उत्तरं रोग्याने स्वतःच्या तोंडाने द्यायची, नारळ ओटीवर ठेवायचा, आणि पूर्वेकडे तोंड करून ओळीत बसायचं. मग ती सहाण पुढे ओढायची. तांदळाच्या धुवणात दोन मुळं उगाळायची, आधी एक, मग दुसरं, मग दोन्ही एकत्र. अर्धी वाटी पोटात, उरलेला लेप सुजेवर. दोन्ही मुळं आधीच सोलून, तासून एकसारखी केलेली. बघणाऱ्याला एकाच झाडाची वाटावीत अशी.

पण ती एका झाडाची नव्हती. एक होतं खरं मूळ. दुसरं होतं आडमूळ, म्हणजे नुसता आडपडदा. ही तिच्या सासूची, काशीबाईची शिकवण. काशीबाईने लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सुनेला रानात नेलं, दोन्ही झाडं दाखवली, आणि एकाचंही नाव न घेता म्हणाली:

"लोकांची नजर मुळार आसता. एकच उगाळलंस तर उद्या सगळो गाव डोंगर खणून काडीत. म्हणान दोन उगाळूची. दोन एकत्र झाली काय देवाकसुद्दा सांगूक येवचां नाय, खरां खंयचां तां."

"आणि घरच्यांक?"

"घरच्यांपासून आड कित्याक? घरच्यांक निव्वळ दी. आडमुळाचो कचरो आपल्या माणसाच्या पोटात घालू नको."

खरं मूळ तळ्यामागच्या डोंगरात, वर, कातळाच्या कपारीत. तिथे पहाटे चढायचं, झाडापुढे चार तांदूळ ठेवायचे, "तुझी गरज लागली, रागाव नको" म्हणायचं आणि मगच कुदळ लावायची. उतरेपर्यंत माथ्यावर ऊन. आडमुळाला असलं काही नाही. ते आनंदीबाईच्या परसातल्या गडग्यालाच, दगडी कुंपणाच्या फटींत, उगवायचं. शेळ्या खात नाहीत, कुणी लावत नाही, कुणी काढत नाही. हवं तेव्हा जायचं, एक पाय गडग्याला टेकवायचा आणि उपटायचं.

पडवीत हे चालू असताना माजघराच्या उंबऱ्याआड एक बाई बसलेली असायची. सत्यवती. आनंदीबाईची एकुलती एक मुलगी. तिचे दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवलेले. पेर सुजून तकतकीत झालेले, आणि बोटं सगळी करंगळीच्या बाजूला कललेली, वाऱ्यात माडाची झापं एका अंगाला जातात तशी.

पडवीतले बरे होत होते. माजघरातली होत नव्हती.

---

सत्यवतीचं लग्न त्रेपन्न साली झालं, मालवणात, मेढ्याला. वर्षभरात हात सुजायला लागले. आधी नुसती सकाळी, दोन बोटं. मग मनगट. मग कळशी हातातून सुटली ती विहिरीच्या कठड्यावर. सासूने पहिल्या कळशीला काही म्हटलं नाही. तिसऱ्या कळशीनंतर नवरा तिला घेऊन एस.टी.त बसला, चौक्यावरून धामापूरला उतरला आणि आनंदीबाईला म्हणाला, "तुमच्या घरातच औषद आसा. बरी झाली काय येतंय न्हेवक."

त्यानंतर तो कधी आला नाही.

आनंदीबाईने नऊ वर्षं लेकीला औषध दिलं. निव्वळ. आडमुळाचा एक कणसुद्धा सहाणेवर राहू नये म्हणून लेकीसाठी वेगळी सहाण. दर गुरुवारी डोंगर. पावसाळ्यात कातळावरून घसरून तिचा स्वतःचा दात पडला, तो तिने पदरात बांधून खाली आणला आणि मूळ मात्र तोंडात धरलं होतं, हात मोकळे हवेत म्हणून.

"आये, दात खंय गेलो तुझो?"

"होयो तर न्हेवन ठेव. माका नको. हात फुडे कर."

"लागता काय काय तरी, आये? खराच सांग."

"लागतला."

शेजारीण राधाबाई येऊन समजूत काढायची. तिची समजूत म्हणजे जखमेवर मीठच, पण मनाने वाईट नव्हती.

"आनंदीबाय, उगीच जीव जाळतंस. वैद्याच्या घराक औषद लागूच पडना नाय. तुझ्या सासयेक पडला? शेवटाक बसान सरकत होती ती. तुझ्या घोवाक पडला? लोकांची पुण्याय लोकांक. तुमच्या घराक नाय ती."

हे गावात सगळेच म्हणायचे. आनंदीबाईलाही ते पटलं होतं. काशीबाईचे गुडघे तिने पाहिले होते; नवऱ्याचे घोटे तिने स्वतः नऊदा लेप लावून बांधले होते. घराला शाप असेल तर शाप. तरी ती गुरुवारी डोंगर चढायची थांबली नाही.

सत्यवती दिवसभर परसात बसायची. गडग्यावर पाठ टेकून, ऊन खात. त्या आडमुळाच्या झुडपाची पानं तिच्या खांद्याला लागायची. तिचा पदर त्यात अडकायचा, आणि अडकला की तिला तो बोटांनी सोडवता यायचा नाही. मग ती हाक मारायची:

"आये! झाडान धरल्यान माका!"

आणि आनंदीबाई येऊन पदर सोडवायची आणि झुडपाला एक शिवी द्यायची.

---

एकसष्टच्या मे महिन्यात मुंबईची बोट मालवणला लागली, तिच्यातून गुरुदास धुरी उतरला. धामापूरचाच. आनंदीबाईने त्याच्या बापाची, दाजी धुरीची कंबर सरळ केली होती. गुरुदास आता मुंबईत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत रसायनावर संशोधन करत होता. डोळ्यांना चष्मा, पायांत मोजे.

"मावशे, तुझी मुळां व्हयी होती."

"सुजली काय रे खंय?"

"नाय गो. तपासूची आसत. बाबांची कंबर तीन वर्सां डाक्टरांक झाली नाय, ती तू दोन म्हयन्यात केलंस. म्हणजे मुळात काय तरी आसा. सूज उतरवणारं एखादं द्रव्य. तेच तेवढं बाजूला काढायचं." गुरुदासचं असं व्हायचं, रसायनाची गोष्ट निघाली की त्याची मालवणी सुटायची आणि तो पुस्तकातलं मराठी बोलायला लागायचा. "मूळ वाळवायचं, कुटायचं, स्पिरिटमध्ये भिजवायचं. काय उतरतं ते गाळायचं, आटवायचं. मग त्यातलं एकेक वेगळं करायचं. शेवटी हाती आले तर स्फटिक येतील. साखरेसारखे."

"आणि ती साकर कोणाक देवची?"

"आधी उंदरांना."

"उंदरांक?"

"उंदराच्या पायाला अंड्यातला पांढरा बलक टोचायचा. पाय सुजतो. मग औषध द्यायचं आणि सूज किती उतरली ते मोजायचं."

आनंदीबाईने सहाणेवर मुळाचे दोन वळसे दिले. मग माजघराकडे वळून म्हणाली, "सत्या, आयकलंस? आदी पाय सुजवूचो आणि मगे औषद देवचां. थंय खंयची तरी सासू बसली आसतली."

आतून सत्यवती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. त्या हसण्यावर आनंदीबाईचं लक्ष गेलं, आणि तिने सहाणेवरचा हात थांबवला.

"गुरुदासा. ती साकर मुळापेक्षा जोरदार आसतली?"

"कितीतरी पटीने. एक कुळीथभर म्हणजे एक टोपलीभर मूळ."

"मगे घराचो शाप मोडीत?"

गुरुदास शिकलेला होता, पण याच गावचा होता. त्याने शापाची थट्टा केली नाही. "तां माका ठावक नाय, मावशे. पण मिळाला तर सत्यवतीची आठवण पयली ठेवीन."

मुळं अख्खी कुणा परक्याच्या हाती द्यायची नाहीत, ही काशीबाईने घातलेली शपथ तिने यासाठी मोडली. भगवतीला कौल लावायला ती गेली नाही. देवीने नको म्हटलं तर काय करायचं, या भीतीने. दुसऱ्या दिवशी तिने पाल्यासकट दोन जुड्या बांधल्या. खऱ्या मुळाच्या जुडीला आपल्या लुगड्याच्या काठाचा तांबडा धागा. आडमुळाच्या जुडीला केळीचं सोप, खोडाच्या सालीची पट्टी.

"ह्यातलां औषदाचां खंयचां?" गुरुदासने विचारलं.

"तां सांगूचां नाय. तोंडातसून जावचां नाय. तुझो उंदीर सांगीत."

---

पुढच्या वर्षी शिमग्यानंतर पोस्टकार्ड आलं. शाळेतल्या मास्तरांनी ते पडवीत उभं राहून मोठ्याने वाचलं, कारण ओळीत बसलेल्या सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

"'ती. आनंदीमावशीस सा. न. कळविण्यास आनंद होतो की, दोन मुळांपैकी एकात सूज उतरविणारे द्रव्य निश्चित सापडले आहे. दुसऱ्यात काहीही नाही. कोणते ते उघड्या कार्डावर लिहीत नाही, आपले गुपित आपल्यापाशी राहावे. प्रत्यक्ष भेटीत सांगेन.'"

"बघा!" आनंदीबाईने मांडीवर थाप मारली. "ठावक झाला उंदराकसुद्दा! खरां तां खरां!"

ओळीतल्यांनी माना डोलावल्या. बाबली तांडेल म्हणाला, "बाये, मुंबयच्या उंदराचो गुडगो बरो झालो, माझोच तेवडो ऱ्हवलो."

"तुझी जीभ सुजली आसा, तेका मूळ नाय माझ्याकडे."

त्या दिवसापासून तिने सत्यवतीचं मूळ दुप्पट केलं. खऱ्या मुळात द्रव्य आहे. आता मुंबईच्या शास्त्राने सांगितलं. मग कमी पडतं ते प्रमाण. डोंगर आठवड्यातून दोनदा. गुरुदासने तिचं गुपित राखायला जे शब्द गिळले, त्यांच्या जागी तिने आपले शब्द भरले. दहा महिने. त्या दहा महिन्यांत सत्यवतीच्या उजव्या हाताची दोन बोटं तळव्यात वळली आणि पुन्हा उघडली नाहीत.

---

त्रेसष्टच्या जानेवारीत गुरुदास आला. बुधवार होता, पडवीत कुणी नव्हतं. आनंदीबाई कुळीथ निवडत होती. सत्यवती आत.

त्याने पिशवीतून एक बारकी काचेची नळी काढली. तळाशी चिमूटभर पांढरं.

"ह्यां?" आनंदीबाईने नळी उजेडात धरली. आत सुयांची टोकं चमकावीत तसं काही चमकलं. "डोंगर चढान चढान पाय मोडले माझे, तां एवड्याशात मावला?"

"डोंगर खंय मावशे? ह्यां झाड तर तुमच्या गडग्यार बघितलंय मी आता येताना."

आनंदीबाईने कुळथाचं सूप खाली ठेवलं.

"काय म्हणतंस?"

"ह्याच मुळात सापडलं." त्याने पिशवीतून दोन खोडक्या काढल्या. नमुने म्हणून ठेवलेल्या, अजून बांधलेल्या. एकीला तांबडा धागा. एकीला केळीचं सोप, आता वाळून काळं पडलेलं. त्याने सोपाच्या खोडकीवर बोट ठेवलं. "तांबड्या धाग्याच्या मुळात काही नाही. माती आणि लाकूड."

ती हसली. खरोखर हसली.

"पुडयो उलट केलंस मेल्या."

"नाय मावशे."

"धागे बदलले आसतले. थंय तुमच्याकडे कोण बायमाणूस झाडूक येता आसतली, तिणा बदलल्यान."

"तीनदा केलं. तिन्ही वेळा मी स्वतः. चोवीस उंदीर. तांबड्या धाग्याने एकाचीही सूज उतरली नाही. सोपाच्या मुळाने चार तासांत उतरली."

"अरे, पण तां आडमूळ!" ती ओरडली. पन्नास वर्षांत कुणाच्याही कानावर न गेलेला शब्द भर दुपारी पडवीभर झाला. "तां आडमूळ! कचरो! लोकांक फशवूक घालतंय तां मी! खरां मूळ ह्यां, तांबड्या धाग्याचां, ह्यां डोंगरातलां, सासयेन दाखयलेलां, ह्यां…"

बोलता बोलता ती थांबली. गुरुदासने कितीतरी दिवसांनी सत्यवतीला सांगितलं की, तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातल्या पडलेल्या दाताच्या जागेकडे तो बघत राहिला होता, कारण डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

"मगे काय झाला मावशे?" तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "दोनय एकत्र उगाळतंस ना? लोक बरे झाले. खंयच्या मुळान झाले, तेका काय म्हत्त्व?"

"घरच्यांक निव्वळ," आनंदीबाई म्हणाली.

"काय?"

"घरच्यांक आड नाय. घरच्यांक निव्वळ खरां. येगळी सहाण आसा तेची."

गुरुदासला कळायला एक क्षण लागला. मग त्याने चष्मा काढला. "म्हणजे सत्यवतीक…"

"येक कण नाय. नऊ वर्सां. सहाण धुवन घेतंय मी, कण जावचो नाय म्हणान." तिचा आवाज चढत गेला. "माझ्या घोवाक. आणि सासू! अरे, सासू मेली गुडग्यार सरकत सरकत, ती पण निव्वळच खाय होती! मगे तिणा माका फशवल्यान म्हणू कसां? ती सोता फसली! कोणी केल्यान ह्यां? कोणाच्या सासयेन कोणाच्या सुनेक उलटां सांगल्यान? कवा?"

गुरुदास खाली बघत म्हणाला, "माका कार्डार लिवक होया होतां. तुझां गुपित म्हणान मी…"

"तू गप ऱ्हव."

माजघरात काहीतरी पडलं. दोघांनी वळून पाहिलं. सत्यवती दारात उभी होती. चौकट तिने हाताने धरली नव्हती, धरता यायचीच नाही. कोपराने टेकली होती.

"आये," ती म्हणाली, "म्हणजे तू माका परक्यासारखी वागयली आसतंस, तर मी माझ्या घराक आसतंय?"

आनंदीबाई उठायला गेली आणि कुळथाचं सूप कलंडलं.

"माझ्या पाटीक लागा होतां गो तां झाड," सत्यवती म्हणाली. "रोज. पदर धरी होतां माझो."

आणि ती आत गेली.

---

गुरुदासने जाण्याआधी दोन गोष्टी सांगितल्या. नळीतलं पांढरं माणसाला द्यायचं नाही. उंदरापलीकडे त्याची परीक्षा झालेली नाही. पण लेप तर पिढ्यान्‌पिढ्या लोक घेत आहेत, तो द्यावा. दुसरी गोष्ट सांगताना त्याला वेळ लागला. सूज उतरली तरी वाकलेली हाडं सरळ होणार नाहीत. दोन बोटं वळलीच आहेत. बाकीची कदाचित सुटतील.

आनंदीबाईने त्याच संध्याकाळी आडमूळ उपटलं, उगाळलं आणि वाटी माजघरात नेली. सत्यवतीने तोंड फिरवलं. गुरुवारी फिरवलं. शुक्रवारी वाटी कोपराने लोटून दिली. राधाबाई मध्ये पडायला आली, तिला आनंदीबाईनेच दारातून परत पाठवली. पहिल्यांदाच राधाबाईला त्या घरात काय झालंय ते कळलं नाही, आणि त्याचं दुःख तिला पुढे वर्षभर पुरलं.

रविवार उजाडला. पडवीत नेहमीसारखी ओळ. आनंदीबाई सहाण घेऊन बसली. आज तिने दोन्ही मुळं घेतली होती. एक टाकून द्यायचा धीर तिला झाला नव्हता. कुणावर विश्वास ठेवावा हेच कळेनासं झालं होतं, स्वतःवर तर नाहीच.

एक, दोन, चार जण झाले. तेवढ्यात परसाच्या बाजूने, घराला वळसा घालून, अंगणातून कुणीतरी आलं. दोन्ही कोपरांच्या मध्ये नारळ दाबून धरलेला. पडवी चढली. नारळ ओटीवर सोडला, तो गडगडत सहाणेपाशी गेला. आणि ओळीच्या शेवटी, बाबली तांडेलच्या पलीकडे, ती पूर्वेकडे तोंड करून बसली.

बाबलीने सरकून तिला जागा करून दिली.

"सत्या," आनंदीबाई हळूच म्हणाली. "आत जा गो. आत देतंय तुका."

"इच्यार."

"काय इच्यारू?"

"सगळ्यांक इच्यारतंस तां."

आनंदीबाईने पदराने तोंड पुसलं. तिचा आवाज रोजच्यासारखा यावा म्हणून तिने दोनदा खाकरलं.

"खंयची?"

"मालवणची. मेढ्याची. थंय घर होतां माझां. हात सुजले म्हणान धाडल्यानी."

"कोणाची?"

सत्यवतीने समोर पाहिलं. "कोणाची नाय. परकी आसंय. म्हणान तर इलंय."

"दुखता खंय?" हे आनंदीबाईच्या तोंडून अर्धंच बाहेर पडलं.

"तां तुका ठावक आसा."

आनंदीबाईने सहाणेवर दोन्ही मुळं उगाळली. आधी एक, मग दुसरं, मग दोन्ही एकत्र, इतरांसाठी करायची तशीच. वाटी तिने लेकीच्या ओठाला लावली. सत्यवती प्यायली, कडवटपणाने तिचं तोंड वाकडं झालं, आणि ती म्हणाली, "शी! ह्यां असां लागता? नऊ वर्सां माका ग्वाड पाजलंस तू!"

बाबली तांडेल हसला आणि हसता हसताच डोळे पुसू लागला.

त्यानंतर ती दर रविवारी आली. वळसा घालून, नारळ घेऊन, ओळीत. दर रविवारी तेच तीन प्रश्न. पुढे आनंदीबाई दहा वर्षं जगली, आणि मूळ मागायला आलेल्या कुणालाही, शेजाऱ्याला, परक्याला, पोटच्या मुलीला, एकाच सहाणेवरचं देत गेली. कुणी विचारलं तर दोन्ही झाडं दाखवायची. वेगळी सहाण तिने गडग्यात बसवली. ती अजून तिथे आहे, दगडांत दगड. हे सगळं मला सत्यवतीनेच सांगितलं, आईचा आवाज काढून, गुरुदासचा चष्मा बोटाने दाखवून, बाबलीची मान तशीच हलवून.

पण तिने सगळ्यात शेवटी सांगितलं ते सहाव्या रविवारचं.

सूज उतरली होती. पेरांवरची कातडी सैल पडली होती, रिकाम्या पिशवीसारखी. दोन बोटं तळव्यात तशीच. पण अंगठा हलत होता, आणि तर्जनी त्याच्याकडे यायला बघत होती. आनंदीबाई लेप लावायला वाकली होती.

"हात दी," सत्यवती म्हणाली.

"माझो? कशाक?"

"दी म्हणतंय मां."

आनंदीबाईने हात पुढे केला. सत्यवतीने अंगठा आणि तर्जनी जुळवली. मग आईच्या दंडाची कातडी त्यांच्यात धरली, आणि पिळली. नऊ वर्षांत ज्या बोटांना मिठाची चिमूट उचलता आली नव्हती, त्या बोटांनी, दात ओठ खाऊन, सगळा जीव एकवटून.

"अगो मेलंय!" आनंदीबाई किंचाळली. पडवीतली माणसं उठून उभी राहिली. "रगत काडतंस काय गो!"

सत्यवतीने सोडलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं की चिडलं होतं, ते तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. शेवटी बोटं दमली आणि आपोआप सुटली. आनंदीबाईच्या दंडावर काळानिळा डाग उठत होता.

आनंदीबाईने त्या डागाकडे पाहिलं. मग दुसरा दंड पुढे केला.

"ह्या हातार पण काड."